न झालेल्या ऑपरेशनची उपकारस्तुती

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत, अर्पणाच्या थोडं आधी, सेक्रेटरी उभे राहून उपकारस्तुत्या वाचतात. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची सून सुखरूप बाळंत झाली, कुणी अपघातातून वाचलं. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं त्याने शनिवारपर्यंत सेक्रेटरींना कळवायचं, त्यांनी ते वहीत लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वाचायचं, की सगळ्यांनी मिळून ‘आमेन’ म्हणायचं. कारण सांगायलाच हवं असंही नाही. ‘आमच्या घरची उपकारस्तुती वाचा’ एवढं म्हटलं तरी चालतं. मंडळी इतकी लहान आहे की कारण सेक्रेटरींना आधीच ठाऊक असतं आणि ते आपल्या पदरचं जोडून वाचतात. आधी घडायचं आणि मग उपकार मानायचे, हा क्रम कुठे लिहून ठेवलेला नाही. पण तो मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तो आमच्याच घराने मोडला. त्यात आम्ही पाप केलं की आणखी काही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मी माहेरची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते, आई घरी विड्या वळायची. मी शिकले, मास्तरीण झाले आणि येळ्ळूरच्या मराठी शाळेत तीस वर्षं काढली. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना मागून कुजबुजायला नको. खोटं मला अजिबात खपत नाही. वर्गात खिडकीची काच फुटली तर ज्याने फोडली त्याने कबूल करेपर्यंत मी सगळ्या वर्गाला उभं ठेवत असे. त्या पोरांना आता हे वाचून हसू येईल, कारण ज्या बाईंनी त्यांच्याकडून इतकं खरं वदवून घेतलं, त्याच बाई पुढे शे-सव्वाशे माणसांना खोटं मानू देऊन गप्प बसल्या.

आमच्या ह्यांचा आवाज मंडळीत प्रसिद्ध. हे बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात लेथवर होते, संगीत कुठे शिकलेले नाहीत. पण आमच्याकडे पेटी वाजवणारा माणूस काही टिकत नाही. आला की वर्षभरात त्याची बदली तरी होते, नाहीतर लग्न तरी. त्यामुळे गीत कोणतंही असो, सूर धरायचे हेच. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला की सगळे ह्यांच्याकडे बघायचे. हे खाकरायचे, एक क्षण थांबायचे आणि सुरू करायचे, आणि मग सगळी मंडळी त्या आवाजाच्या मागोमाग जायची. मी पहिल्यांदा हा आवाज ऐकला तो मला बघायला आले तेव्हा. प्रार्थनेआधी एक गीत म्हणू या असं कुणीतरी म्हटलं आणि ह्यांनी सुरुवात केली. चेहरा मी नंतर पाहिला आणि जरा निराशच झाले, पण तोवर मनात ठरून गेलं होतं.

लग्नानंतर आम्ही शहापुरात एका खोलीत राहिलो. भिंतीपलीकडे विणकराचे यंत्रमाग होते. दिवसभर खटखट, संध्याकाळीही खटखट, आणि आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना त्या खटखटीतच व्हायची. हे म्हणायचे, मागाचा ताल बरा आहे, तबलजीची गरज नाही. खोलीत हे, मी, मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. महिन्याच्या शेवटी आमटीत डाळ शोधावी लागायची. तरी त्या खोलीत मला इतका आनंद व्हायचा की कधी कधी त्याची भीती वाटायची. पुढे मच्छ्यात स्वतःचं घर झालं, मुलगा बेंगळूरला लागला, सोफा आला, पडदे आले. आणि मी सोफ्याच्या कापडावरून दुकानदाराशी भांडू लागले. प्रार्थना चालू होती, गीत चालू होतं, पण आतून काही हलायचं नाही. देवाने सगळं दिलं आणि देताना तेवढा आनंद कुठेतरी काढून घेतला, अशी माझी तक्रार होती. पाळकसाहेबांना एकदा विचारलं, तर ते म्हणाले, आनंद हे आत्म्याचं फळ आहे. बायबलमधलं हे वचन मलाही पाठ होतं. ते फळ सुखात का धरत नाही, हे मला विचारायचं होतं.

मग ह्यांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं कारखान्यात इतकी वर्षं धूळ गेली ती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं. शेवटी बेळगावच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट नको होता तसा आला. ऑपरेशन करावं लागेल. स्वरयंत्र अर्धं वाचेल की सगळं काढावं लागेल, हे आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही. हट्टाने बरोबर आलेल्या आत्तींच्याही समोर डॉक्टर म्हणाले, “जिवाचं बघू या आधी. आवाजाची खात्री मी देत नाही.” हे मान हलवून ‘बरं’ म्हणाले, आणि गंमत अशी की औषधांनी सूज उतरली असल्याने त्या आठवड्यात ह्यांचा आवाज पूर्वीसारखा मोकळा झाला होता.

गुरुवारी दवाखान्यात दाखल झालो. मुलगा दोन दिवसांची रजा काढून आला. मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, शुक्रवारी ऑपरेशन. पण शुक्रवारी सकाळी ह्यांची शुगर इतकी वर गेली की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला. शनिवारी घरी जा, गोळ्या बदलून देतो, बुधवारी करू. मी घरी फोन करून आत्तींना सांगितलं, “आज झालं नाही, बुधवारी आहे.” त्या ‘बरं बाय’ म्हणाल्या. मुलगा बेंगळूरला परत गेला. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो आणि दमून झोपलो. दुसऱ्या दिवशी उपासनेला गेलो नाही. आत्तींचे गुडघे धरले होते, म्हणून त्याही घरीच राहिल्या.

रविवारी साडेबाराच्या सुमारास दार वाजलं. ह्यांनीच उघडलं. दारात मंडळीतलं एक म्हातारं जोडपं, हातात केळ्यांची फणी. हे नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “या या, उन्हाचं कुठं आलासा?” त्या आजीबाईंनी केळी खाली टाकली, दोन्ही हात तोंडावर धरले आणि रडायला लागल्या. “आवाज! अगं बघ की, जसाच्या तसा!” असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली. मला वाटलं, काहीतरी वाईट झालंय आणि ते फक्त मलाच माहीत नाही. मी काही विचारायच्या आत दुसरी रिक्षा थांबली, त्यामागे दोन स्कूटर आल्या. पंधरा-वीस माणसं दिवाणखान्यात, दारात, पायरीवर. पाळकसाहेब आले. सेक्रेटरी आले आणि ह्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, “शुक्रवारी ऑपरेशन आणि रविवारी हा आवाज! सकाळी वाचताना माझाच गळा भरून आलता.”

तेव्हा कुठे मला कळलं. शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरींनी विचारपूस करायला फोन केला होता. माझा फोन बंद होता, म्हणून त्यांनी घरी लावला आणि तो आत्तींनी उचलला. आत्ती म्हणाल्या, “आमच्या घरची उपकारस्तुती वाचा रविवारी.” बिचाऱ्या सेक्रेटरींनी आणखी काय विचारायचं? ऑपरेशनच्या दिवशी आई उपकारस्तुती सांगते, म्हणजे झालं सगळं नीट. त्यांनी वहीत लिहिलं, ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल व आवाज वाचल्याबद्दल. आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या, ज्या आमच्यात कधी वाजवत नाहीत.

मी आत्तींकडे पाहिलं. त्या खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो शहापूरच्या खोलीत उधारीवाला दाराशी आल्यावर यायचा, आता काय करायचं ते तूच सांग, असा. मी तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, “आण्णा, एक गीत धरा. देवाने परत दिलेला आवाज आम्हाला ऐकू द्या.”

हे खाकरले, एक क्षण थांबले आणि सुरू केलं.

त्या गाण्याविषयी मला सांगायचं आहे आणि जमत नाही. मी ते हजारदा ऐकलेलं होतं. त्या दिवशी खोलीत फक्त तिघांना माहीत होतं की हा आवाज परत मिळालेला नाही, जायचा आहे. बाकीचे सगळे आनंदाने गात होते, आणि त्यांचा आनंद चुकीच्या बातमीवर उभा होता. मग माझा आनंद कशावर उभा होता? कारण मला झाला. सोफा, पडदे, मुलाची नोकरी यांनी इतक्या वर्षांत जो आला नव्हता तो त्या दुपारी आला. मी सोफ्याच्या हातावर बसले आणि मोठ्यांदा गायले, रडलेही. लोकांना वाटलं, बाईंना देवाच्या कृपेने भरून आलंय. असेलही. मी खोटं बोलत होते की जन्मात पहिल्यांदा खरी प्रार्थना करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही.

कुणीतरी कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या मिठाईचा, डबा आणला होता. एक बाई ह्यांना चमच्याने भरवायला निघाल्या. मी तो हिसकावून घेतला. “शुगर आहे त्यांना!” असं मी एवढ्या जोरात ओरडले की सगळे हसायला लागले. बुधवारच्या ऑपरेशनला शुगर उतरायला हवी, हे मी कुणाला सांगू?

सगळे गेल्यावर मी आत्तींपुढे जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. शाळेची सवय.

“आत्ती, सेक्रेटरींना काय सांगितलंत तुम्ही?”

“उपकारस्तुती वाचा म्हटलं.”

“ऑपरेशन झालेलं नसताना?”

“व्हय.”

“अहो, मी फोन केला होता ना तुम्हाला दुपारी? बुधवारी आहे म्हणून सांगितलं होतं ना?”

“भात लाव गं,” आत्ती म्हणाल्या. “उशीर झालाय. तो उपाशी हाय.”

मी काय समजायचं ते समजले. चौऱ्याऐंशी वय, शुक्रवारचा दिवस, मनावरचा ताण, गोंधळल्या असतील. कुकर लावताना मी भांडी आपटली. हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “जाऊ दे गं. आज लई दिवसांनी बरं वाटलं.” मी म्हटलं, “बरं वाटलं म्हणून खोटं चालतं का? मी आत्ता पाळकसाहेबांना फोन करते.” हे म्हणाले, “कर.”

मी केला. लागला तो रात्री. पण मी बोलायच्या आत पाळकसाहेबच सुरू झाले. संध्याकाळी खानापूरला एका घरी प्रार्थनासभा होती, तिथे त्यांनी आमच्या घरचीच गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. एक विधवा बाई होती, मुलगा गेल्यापासून तिने प्रार्थना सोडलेली, ती उठून उभी राहिली आणि रडत रडत प्रार्थना केली. “बाई, तुमच्या घरामुळे हे झालं,” ते म्हणाले. माझ्या हातात फोन होता, घशात वाक्य तयार होतं. मी म्हटलं, “बरं झालं.” आणि फोन ठेवला. काच मीच फोडली आणि मीच गप्प बसले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, रोज संध्याकाळी खानापूरच्या त्या बाई डोळ्यांपुढे यायच्या, ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. ह्यांनी त्या दिवसांत घरभर गाऊन घेतलं. दाढी करताना, अंगणात पाणी मारताना. शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, “आण्णा लई खुशीत हाईत की.” मीही खुशीत होते, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्याच्या घशात तसली गाठ असताना मी नव्या नवरीसारखी स्वतःशीच गुणगुणत होते. मला माझीच लाज वाटत होती.

बुधवारी मी एकटीच दवाखान्याच्या बाकावर बसले. मुलाला इतक्यात पुन्हा रजा मिळणार नव्हती, मीच त्याला म्हटलं होतं, सुट्टी धरून ये. एरवी आमच्यातल्या कुणाचं ऑपरेशन असलं की त्या बाकावर जागा मिळत नाही. थर्मास येतात, डबे येतात, आळीपाळीने प्रार्थना होते, नको म्हटलं तरी होते. मी स्वतः कितीदा जाऊन बसले आहे. आज कुणी येणार नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने हे सगळं शुक्रवारीच झालं होतं, मंडळीने आमेन म्हणून वही बंद केली होती. बेळगावात त्या वेळी एकही माणूस ह्यांच्यासाठी गुडघ्यावर नव्हता, आणि तो माझ्यामुळे नव्हता.

बरं, मी तरी प्रार्थना करावी. डोळे मिटले, पण काय मागायचं तेच कळेना. ‘आवाज वाचव’ म्हणायचं, तर ज्या गोष्टीबद्दल सगळ्यांनी मिळून उपकार मानून टाकले ती परत कशी मागायची? ‘ते चुकून झालं होतं’ असं देवाला सांगायचं? त्याला ते ठाऊक नसेल? आणि ठाऊक असूनही त्याने ती स्तुती घेतली असेल, तर तो आता आमचं काय देणं लागतो, की काहीच नाही? मी तीन-चार वेळा ‘हे प्रभू’ म्हटलं आणि पुढे काही आलं नाही.

अकराच्या सुमारास, आत्तींकडून कळलं म्हणून, शेजारच्या आक्का आल्या, हातात भाकरीचा डबा. त्या शेतकरी घरातल्या, देवीच्या भक्त. “मी आमच्या देवीला नारळ बोललोय,” त्या बसता बसता म्हणाल्या. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, “तुमच्यातलं कुणीच कसं आलं न्हाय वो बाई?” मी म्हटलं, “येतील.” दुसरं खोटं. आक्कांनी भाकरी काढून माझ्या हातात दिली आणि मी ती खाल्ली. त्या दिवशी ह्यांच्यासाठी दोनच माणसं देवापुढे उभी होती, त्यातली एक देवीपुढे, आणि दुसरीला शब्द सुचत नव्हते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला. स्वरयंत्र सगळं काढावं लागलं.

त्यानंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मानेला पुढून भोक, त्यातून श्वास. नाकातून नळी, तिच्यातून दूध आणि पेज. मी शाळेतली पाटी घरून आणली. ह्यांनी त्यावर पहिली गोष्ट लिहिली ती, ‘जेवलीस?’ मी बाहेर जाऊन रडले आणि परत येऊन ‘व्हय’ म्हणाले. रविवारपासूनचा तो आनंद कुठे गेला ते मला कळलं नाही. कधी गेला तेही नाही. मी शोधत बसले नाही, वेळच नव्हता.

शुक्रवारी सेक्रेटरी दुसऱ्याच कुणाला तरी बघायला दवाखान्यात आले आणि दारातून आम्हाला पाहिलं. ते आत आले. ह्यांच्या गळ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. सत्तर वर्षांचा माणूस भिंतीला टेकला. “ते वाक्य मी जोडलं,” ते म्हणाले. “आईनं तसं काय म्हटलं न्हवतं. ऑपरेशन यशस्वी हे माझं वाक्य. मीच सांगतो रविवारी.” मी म्हटलं, “नको. तुम्हाला चुकून वाटलं. मला माहीत होतं. मी सांगते.”

रविवारी मी एकटी गेले. ह्यांच्याजवळ मुलगा बसला होता, तो आदल्या दिवशी आला होता. साक्षीची वेळ आली तेव्हा उभी राहिले. मी सरळ सांगितलं. “मागल्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा ऑपरेशन झालेलं नव्हतं. ते परवा बुधवारी झालं. आवाज गेला आहे. तुम्ही ऐकलात तो जुना आवाज होता, परत मिळालेला नव्हे. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. कारण तो दिवस फार आनंदाचा होता आणि मला तो मोडवला नाही. माझी चूक झाली. पण त्या आनंदाबद्दल मला वाईट वाटायला पाहिजे आणि तेवढं काही केल्या वाटत नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?”

मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ, केळी घेऊन आले होते तेच, उभे राहिले. ते रागावलेले नव्हते. खरोखर विचारत होते. “मग बाई, त्या दिवशी आम्ही आमेन म्हटलं ते कशाबद्दल?”

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, “मला विचार करावा लागेल.” त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. दुसरा कुणी असता तर त्याने तिथल्या तिथे वचन काढून दिलं असतं. मग त्यांनी गीताचा नंबर सांगितला. सगळ्यांनी सवयीने उजवीकडच्या तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, आणि तो रिकामा होता. बराच वेळ कुणी सुरुवातच करेना. शेवटी सेक्रेटरींनी केली, भलत्याच वरच्या पट्टीत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्म्यांनी सोडून दिलं.

आणखी पाच दिवसांनी ह्यांना घरी आणलं. नळी अजून होती. मुलाने सामान लावून दिलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. हे पलंगावर पडल्या पडल्या छपराकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात आले. आत्ती ओट्याशी उभ्या राहून पेज फडक्यातून गाळत होत्या. नळीत गुठळी अडकू नये म्हणून ती दोनदा गाळायची असते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, मी सांगितलेलं होतं, आणि त्या तीनदा गाळत होत्या.

आता माझा राग उरला नव्हता. पण मला जाणून घ्यायचं होतं.

“आत्ती, एक विचारू? त्या शुक्रवारी तुम्ही गोंधळलात ना? ऑपरेशन झालं असं वाटलं ना तुम्हाला?”

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “तू फोन केलतीस की. बुधवारी हाय म्हणून.”

“मग?”

त्यांनी फडकं पिळलं. “आवाज जाणार, मला कळलं हुतं. डॉक्टरचं तोंड बघितलं की कळतंय. गेल्यावर उपकार मानायला मला जमणार न्हाय, हे बी कळलं हुतं. म्हणून हाय तोवर मानून घेतलं. साठ वर्षं ऐकलाय मी त्यो आवाज. त्याचं उपकार ऱ्हायलं असतं की गं.”

शे-सव्वाशे माणसांनी कशाबद्दल आमेन म्हटलं ते घरात एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी आत्तींना भात लावता लावता वेडी ठरवून मोकळी झाले होते.

“मग सेक्रेटरींना तसं सांगायचं ना आत्ती.”

“त्यांनी इचारलं कुठं?”

“आणि आता?” मी विचारलं. “आता काय म्हणता देवाला?”

“आता बोलणं बंद हाय माझं त्याच्याशी,” आत्ती शांतपणे म्हणाल्या. “बुधवारपास्नं.” आणि पेजेचं भांडं उचलून त्या बाहेर गेल्या.

नळीतून पेज देऊन झाल्यावर हे उठून आमच्याबरोबर टेबलापाशी येऊन बसले. त्यांना खायचं नव्हतं, पण त्यांना तिथे बसायचं होतं. मी आत्तींना वाढलं, मला वाढून घेतलं. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरी कधी हे करतात, कधी आत्ती. मी कधीच करत नाही, माझा अर्धा जीव गॅसवर असतो. ह्यांनी हात जोडले. आत्तींनीही जोडले, सवयीने असतील. दोघांनी डोळे मिटले आणि वाट बघत बसले. आमटीची वाफ जात होती. मग माझ्या लक्षात आलं की आता या घरात देवाशी बोलायला मीच तेवढी उरले आहे, आणि मी तोंड उघडलं.